एकाच एपिसोडला तीन नंबर? ॲनिमेच्या ‘सीझन’चा गोंधळ समजून घ्या

‘अटॅक ऑन टायटन’चा एक एपिसोड घेऊ. कुणी त्याला ‘एपिसोड ७६’ म्हणतं, कुणी ‘सीझन ४, एपिसोड १७’, तर कुणी ‘फायनल सीझन पार्ट २, एपिसोड १’. गंमत म्हणजे तिघंही बरोबर आहेत. एपिसोड एकच, नंबर तीन.

वरवर बघता हा फुटकळ प्रश्न वाटतो. पण मधला एक आख्खा भाग सुटला आणि पुढच्या सीझनच्या पहिल्याच मिनिटात मोठा स्पॉयलर मिळाला, असं तुमच्यापैकी अनेकांचं झालं असेल. काही जण मुळात न निघालेला ‘सीझन ५’ शोधत बसतात आणि त्या नादात कुठलं तरी भलतंच ॲप फोनमध्ये घालून घेतात. म्हणून आज हा सगळा प्रकार मुळापासून बघू. सीझन म्हणजे काय, तो ठरवतं कोण, ॲपच्या आत हे नंबर कसे ठेवलेले असतात आणि योग्य क्रम दोन मिनिटांत कसा शोधायचा.

सीझन हा शब्द आला कुठून?

सीझन ही गोष्टीतली विभागणी नाही, ती टीव्ही चॅनलच्या वेळापत्रकातली विभागणी आहे. एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

अमेरिकेतल्या मोठ्या चॅनलवर पूर्वीपासूनची पद्धत अशी की नवी मालिका सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि मे महिन्यापर्यंत चालते. मध्ये सुट्ट्यांचा ब्रेक असतो. वर्षभरात साधारण २२ ते २४ एपिसोड होतात. हा झाला एक सीझन. पुढे स्ट्रीमिंग आलं, रोजच्या वेळापत्रकाची गरज संपली आणि सीझन ८-१० एपिसोडवर आला.

जपानचं गणित वेगळं आहे. तिथे वर्षाचे चार भाग पाडतात: जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. अशा एका तिमाहीला तिथे ‘कूर’ म्हणतात. वर्षाचे ५२ आठवडे भागिले ४, म्हणजे १३. आठवड्याला एक एपिसोड धरला तर एका कूरमध्ये साधारण १२ किंवा १३ एपिसोड बसतात. म्हणूनच इतक्या ॲनिमेचे १२, १३, २४, २५ किंवा २६ एपिसोड दिसतात. हा योगायोग नाही. १२-१३ म्हणजे एक कूर, २४ ते २६ म्हणजे दोन कूर.

‘विंटर २०२२’, ‘स्प्रिंग २०२३’ असे शब्द ॲनिमेच्या याद्यांत दिसतात, ते या तिमाहीबद्दलच असतात. म्हणजे एकाच ‘सीझन’ शब्दाचे दोन अर्थ झाले: वर्षाची तिमाही आणि मालिकेचा भाग. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

आता एखाद्या मालिकेचे दोन कूर सलग दाखवले तर प्रश्न येत नाही. पण स्टुडिओला वेळ हवा असतो. मग पहिला कूर दाखवतात, तीन-सहा महिने थांबतात आणि दुसरा कूर आणतात. याला ‘स्प्लिट कूर’ म्हणतात. हा दुसरा कूर म्हणजे नवा सीझन की जुन्याच सीझनचा पार्ट २? निर्माते एक नाव देतात, ॲप दुसरं देतं आणि फॅन तिसरं.

रात्रीचे २५:३० वाजले!

तारखांचाही एक घोळ असतो, तो आधी सांगून टाकतो. बरेच ॲनिमे जपानमध्ये मध्यरात्रीनंतर लागतात. तिथल्या टीव्हीच्या वेळापत्रकात अशी वेळ ‘शनिवार २५:३०’ अशी लिहितात. घड्याळात २५ वाजत नाहीत. याचा अर्थ शनिवारची रात्र उलटून १ वाजून ३० मिनिटं, म्हणजे खरं तर रविवार. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. त्यामुळे तो एपिसोड तिथे लागतो तेव्हा आपल्याकडे शनिवारचे रात्रीचे १० वाजलेले असतात. कुणी शनिवार लिहितं, कुणी रविवार. ‘एपिसोड आला का नाही’ यावरून ग्रुपवर होणारी निम्मी भांडणं याच्यातूनच येतात.

उदाहरण पहिलं: कधीच न संपणारा ‘फायनल सीझन’

आता सुरुवातीच्या कोड्याचा हिशोब करू. ‘अटॅक ऑन टायटन’ असा आला:

- सीझन १: २०१३, २५ एपिसोड
- सीझन २: २०१७, १२ एपिसोड
- सीझन ३: २०१८ आणि २०१९, मध्ये ब्रेक घेऊन एकूण २२ एपिसोड
- फायनल सीझन: डिसेंबर २०२० पासून, १६ एपिसोड
- फायनल सीझन पार्ट २: २०२२, १२ एपिसोड
- फायनल चॅप्टर्स: दोन मोठे स्पेशल, एक मार्च २०२३ मध्ये आणि दुसरा नोव्हेंबर २०२३ मध्ये

बेरीज करा. पहिल्या तीन सीझनचे २५ + १२ + २२ = ५९. त्यात फायनल सीझनचे १६ मिळवले की ७५. म्हणजे पार्ट २ चा पहिला एपिसोड ७६ वा. तोच चौथ्या सीझनमध्ये मोजला तर १७ वा. झाले तीन नंबर.

शेवटाकडे आणखी एक गंमत आहे. ते दोन स्पेशल कुठे दोन लांब एपिसोड म्हणून दिसतात, तर कुठे तुकडे करून ७ छोटे एपिसोड म्हणून. त्यामुळे मालिकेचे एकूण एपिसोड कुठे ८९ दिसतात, कुठे ९४. तुमच्या ॲपवर पाच एपिसोड ‘कमी’ दिसले तरी काही गायब झालेलं नसतं. माझ्या मावसभावानं मला एकदा विचारलं होतं, “दादा, फायनल सीझन किती वेळा फायनल असतो?” उत्तर असं की डिसेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२३, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं.

उदाहरण दुसरं: ट्रेन चुकली तर पुढचं कळणार नाही

‘डिमन स्लेयर’मध्ये नुसता नंबर वेगळा पडत नाही, गोष्टच चुकू शकते. क्रम असा आहे:

- पहिला सीझन: २०१९, २६ एपिसोड
- मुगेन ट्रेन हा सिनेमा: जपानमध्ये ऑक्टोबर २०२०
- मुगेन ट्रेन, टीव्हीवरचा भाग: २०२१, ७ एपिसोड
- एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट: डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२, ११ एपिसोड
- स्वोर्डस्मिथ व्हिलेज: २०२३, ११ एपिसोड
- हाशिरा ट्रेनिंग: २०२४, ८ एपिसोड
- इन्फिनिटी कॅसल, तीन सिनेमांपैकी पहिला: २०२५

पहिला सीझन जिथे संपतो तिथूनच ट्रेनची गोष्ट सुरू होते. हा ‘बोनस’ सिनेमा नाही, मुख्य कथेचाच तुकडा आहे. पण सिनेमा असल्यामुळे तो बऱ्याचदा मालिकेच्या पानावर दिसतच नाही. सिनेमांच्या विभागात जाऊन बसतो, किंवा त्या ॲपवर नसतोच. मग २६ वा एपिसोड संपल्यावर पुढे एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट सुरू झाला, तर सगळी पात्रं कशामुळे हादरलेली आहेत हेच समजत नाही. काय घडलं ते मी सांगणार नाही, पण ते असं स्पॉयलरमधून कळण्यासारखं नाही.

सिनेमा बघायचा की ७ एपिसोड? कोणतंही एक चालेल. त्या सातपैकी पहिला एपिसोड नवा आहे, ट्रेनमध्ये चढण्याआधीचा. बाकीचे सहा म्हणजे सिनेमाच थोडी भर घालून तुकड्यांत केलेला. सिनेमा पाहिला असेल तर फक्त तो पहिला एपिसोड बघितला तरी पुरतं.

नंबरांचा प्रश्न उरतोच. ट्रेनचे ७ आणि एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्टचे ११ मिळून १८ एपिसोडचा दुसरा सीझन धरला, तर स्वोर्डस्मिथ व्हिलेज हा तिसरा. दोन्ही वेगळे धरले तर तोच चौथा. म्हणून मित्रानं “तिसरा सीझन भारी आहे” असं सांगितलं, तर आधी विचारा की गावाची गोष्ट म्हणतोयस का?

सीझनच नसलेल्या मालिका

काही ॲनिमे तिमाहीच्या भानगडीत न पडता वर्षानुवर्षं चालल्या. ‘नारुतो’चे २००२ ते २००७ या काळात २२० एपिसोड झाले, आणि लगेच ‘शिपूडेन’ सुरू होऊन २०१७ पर्यंत ५०० झाले. ‘वन पीस’ ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचा १००० वा एपिसोड लागला. अशा मालिकेत एपिसोड १ पासून पुढे सरळ मोजणी होते. आपल्या मराठी डेली सोपचंही तसंच असतं. ‘भाग ४१२’ म्हणतात, सीझन कोणी विचारत नाही.

पण स्ट्रीमिंग ॲपला ७०० एपिसोडची एकच लांबलचक यादी दाखवणं अवघड जातं. मग ते स्वतःच तिचे तुकडे पाडतात. म्हणून एका ॲपवर ‘नारुतो’चे पाच सीझन दिसले आणि दुसरीकडे नऊ, तरी बुचकळ्यात पडू नका. मूळ निर्मात्यांनी तसे पाडलेले असतीलच असं नाही. इथे सरळ क्रमांक, म्हणजे १ पासूनची मोजणी, हाच भरवशाचा.

याच मालिकांत ‘फिलर’ भेटतात. मूळ गोष्ट असते मांगामध्ये, म्हणजे चित्रकथेत. मांगा हळू पुढे सरकतो आणि ॲनिमे दर आठवड्याला येतो. एक वेळ अशी येते की ॲनिमे मांगाला गाठतो. मग मांगा पुढे जाईपर्यंत स्टुडिओ स्वतःच्या गोष्टी रचून वेळ काढतो. ‘नारुतो’च्या पहिल्या मालिकेतले शेवटचे ८० च्या आसपास एपिसोड बहुतेक असेच आहेत. ते गाळले तरी मुख्य कथा बिघडत नाही. कूरची पद्धत वाढली त्यामागे हेही एक कारण आहे. वेळ काढण्यापेक्षा सरळ थांबायचं आणि पुढचा भाग तयार झाला की परत यायचं.

हे फक्त ॲनिमेचं नाही

‘मनी हाइस्ट’ तुम्ही पाहिलं असेल. ते मुळात २०१७ मध्ये स्पेनच्या अँटेना ३ चॅनलवर लागलं, तेव्हा पहिल्या दरोड्याच्या गोष्टीचे १५ लांब एपिसोड होते. नेटफ्लिक्सनं ते घेतलं आणि पुन्हा कापून १३ आणि ९ असे २२ छोटे एपिसोड केले. पुढचे भाग मिळून नेटफ्लिक्सवर एकूण ४८ एपिसोड होतात. स्पेनची मूळ मोजणी धरली तर ४१. गोष्ट तीच.

काही वेळा दाखवण्याचा क्रमच गोष्टीपेक्षा वेगळा असतो. अमेरिकेत २००२ मध्ये ‘फायरफ्लाय’ लागली, तेव्हा गोष्ट सुरू करणारा दोन तासांचा एपिसोड चॅनलनं सगळ्यात शेवटी दाखवला. डीव्हीडीवर तो पहिला आहे. जपानच्या ‘हारुही सुझुमिया’चं उलट. २००६ मध्ये निर्मात्यांनी मुद्दामच १४ एपिसोड उलटसुलट क्रमानं दाखवले आणि २००९ मध्ये आणखी १४ मिसळून, २८ एपिसोड घटनांच्या क्रमानं लावले.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’. पहिला भाग २०१६ चा. २०१९ चा दुसरा भाग अण्णा नाईक आणि शेवंताची त्याआधीची गोष्ट सांगतो. म्हणजे नंबर दोनचा आणि घटना एकच्या आधीच्या. अशा वेळी नंबरच्या क्रमानं बघावं, हेच बरं. कारण लिहिणाऱ्यानं प्रेक्षकाला काय माहीत आहे हे धरून ती लिहिलेली असते.

ॲपच्या आत काय चालतं?

आता थोडं माझ्या कामाच्या गोष्टीकडे येतो. कोणत्याही व्हिडिओ ॲपमागे डेटाबेस असतो. त्याची साधी रचना अशी की वर मालिका, तिच्या खाली सीझन आणि सीझनच्या खाली एपिसोड. ही रचना अमेरिकन टीव्हीवर नीट बसते. ॲनिमे मात्र तिच्यात कोंबून बसवावा लागतो.

एपिसोडची ओळख काय ठेवायची, हा पहिला प्रश्न. इंजिनिअरिंगला डीबीएमएस शिकलेल्यांना ‘प्रायमरी की’ आठवत असेल. ‘सीझन ४, एपिसोड १७’ हीच ओळख ठेवली आणि उद्या कुणी पार्ट २ वेगळा सीझन केला, तर तुमची सगळी हिस्ट्री भलत्याच एपिसोडला चिकटेल. म्हणून प्रत्येक एपिसोडला आतून एक कायमचा आयडी द्यायचा आणि नंबर ही फक्त दाखवायची पाटी ठेवायची. पाटी बदलली तरी आयडी तोच राहतो.

नंबर हा नेहमी पूर्ण आकडाच असतो असंही नाही. ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये १३.५ नावाचा एपिसोड आहे, आधीच्या भागांची उजळणी करणारा. काही मालिकांत एपिसोड शून्यही असतो. ज्यानं नंबर ‘पूर्णांक’ धरून कोड लिहिला, त्याच्या ॲपमध्ये असे एपिसोड यादीच्या भलत्याच टोकाला जाऊन पडतात.

मग असे स्पेशल एपिसोड कुठे ठेवायचे? टीव्हीडीबी आणि टीएमडीबी या मोठ्या माहितीसाठ्यांत त्यासाठी ‘सीझन ०’ असतो, म्हणजे स्पेशलचा डबा. त्यात उजळणीचे एपिसोडही असतात आणि कधीकधी गोष्टीला महत्त्वाचे भागही. याउलट मायॲनिमेलिस्ट आणि ॲनिलिस्ट या ॲनिमेच्या साइटवर प्रत्येक सीझन, प्रत्येक पार्ट आणि प्रत्येक सिनेमा स्वतंत्र नोंद असते. एकीकडे ‘४ सीझन’, दुसरीकडे तीच मालिका सात-आठ नोंदींमध्ये. चूक कोणाचीच नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

आणि ‘पुढचा एपिसोड’ हे बटण? ते बहुतेक वेळा यादीतली पुढची ओळ उघडतं, बस. मध्ये एक सिनेमा बघायला हवा होता, हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे सीझन संपल्यावर ऑटोप्लेवर विसंबू नका.

‘सीझन ५ एपिसोड १ डाउनलोड’: इथे सावध

हा भाग नीट वाचा. ‘डिमन स्लेयर’च्या हाशिरा ट्रेनिंगनंतरची गोष्ट टीव्हीवर नाही, सिनेमांमध्ये पुढे गेली आहे. तरी नंबरावर विसंबलेला माणूस ‘सीझन ५’ शोधतो. फसवणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं. अस्तित्वात नसलेल्या एपिसोडच्या नावानं पानं तयार केलेली असतात, कारण जे खऱ्या ॲपवर सापडत नाही तेच लोक बाहेर शोधतात.

अशा ठिकाणी काय होतं, ते ओळखून ठेवा:

- व्हिडिओऐवजी एपीके फाइल उतरते. व्हिडिओ फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी४ किंवा एमकेव्ही असतं. एपीके म्हणजे ॲप. एपिसोड बघायला नवं ॲप टाकायला सांगितलं की तिथेच थांबा.
- फोन ‘अनोळखी स्रोतातून इन्स्टॉल’ करण्याची परवानगी विचारतो. नाही म्हणा.
- ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची किंवा एसएमएसची परवानगी मागतं. पहिलीमुळे त्याला तुमची स्क्रीन वाचता येते, दुसरीमुळे ओटीपी. व्हिडिओ दाखवायला या दोन्हींची गरज नसते.
- ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ असं येतं. ते रोबोटसाठी नसतं, तुमच्या फोनवर नोटिफिकेशनमधून जाहिराती पाठवण्यासाठी असतं.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. घरच्यांना सांगायची लाज वाटते म्हणून दोन दिवस थांबू नका.

दोन मिनिटांत योग्य क्रम कसा शोधायचा?

१. नंबर सोडा, नाव धरा. ‘सीझन ३’ ऐवजी ‘स्वोर्डस्मिथ व्हिलेज’ असा भागाच्या नावानं शोध घ्या. नाव सहसा बदलत नाही.

२. नाव नसेल तर एपिसोडचं शीर्षक आणि पहिल्यांदा दाखवल्याची तारीख जुळवा. शीर्षकाचं भाषांतर वेगळं असू शकतं, तारीख एखाद्या दिवसानं सरकू शकते, पण दोन्ही मिळून एपिसोड पक्का ओळखता येतो.

३. ॲनिलिस्ट किंवा मायॲनिमेलिस्टवर मालिकेच्या पानावर ‘प्रीक्वेल’ आणि ‘सिक्वेल’ असे दुवे असतात. सिक्वेलवर सिक्वेल उघडत गेलात की पूर्ण साखळी मिळते, मधल्या सिनेमांसकट. फक्त खालच्या कमेंट आणि पात्रांची पानं उघडू नका. स्पॉयलर तिथेच असतात.

४. सिनेमा दिसला की बघा, तो कथेचा भाग आहे, उजळणी आहे की स्वतंत्र गोष्ट. नावापुढे ‘रीकॅप’ किंवा ‘समरी’ असेल तर गाळला तरी चालतो.

५. एकाच नावाच्या दोन मालिका तर नाहीत ना, तेही तपासा. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २००३ चं ५१ एपिसोडचं वेगळं आणि २००९ चं ‘ब्रदरहुड’ ६४ एपिसोडचं वेगळं. दुसरं हे पहिल्याचा पुढचा सीझन नाही. तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, मांगाला धरून सांगितलेली आहे.

६. मित्राला सुचवताना तुम्हीही नंबर सांगू नका. “ट्रेनचा भाग झाला की मग हे बघ” असं सांगा. त्याचं ॲप कोणतंही असो, तो चुकणार नाही.

सीझनचा नंबर चॅनल ठरवतं, ॲप ठरवतं, कधीकधी डेटाबेस भरणारा एखादा माणूस ठरवतो. गोष्टीचा क्रम मात्र एकच असतो. कोणत्या मालिकेच्या क्रमात तुम्ही अडकलाय ते खाली लिहा, पण शेवट फोडू नका!